बेहड्याचा कौल

परवा दादाचा फोन आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आमटीत दोनदा मीठ घातलं काल. मी राहते मांडवीला, पण जीव अडकलाय लांज्याजवळच्या आमच्या गावात, देवाच्या राईत. राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. राईतल्या बेहड्याच्या मुळाशी झरा आहे. मे महिन्यात विहिरी आटल्या की अख्खी वाडी त्याच पाण्यावर तगते.

आणि गावातल्या मंडळींना तिथे देवापुढे सभामंडप हवाय! पत्र्याचा, गुळगुळीत फरशीचा. बेहडा नेमका मध्ये येतो. सगळ्यात पुढे कोण, तर माझा थोरला भाऊ. गावी जाऊन भांडले मी. "दादा, झाड गेलं तर झरा राहील काय रे?" तर म्हणतो, "देवालाच विचारू. तो नको म्हणाला तर विषय संपला."

मग कौल लावला. गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जन्मभर मी या प्रकाराला हसले, आणि त्या दिवशी डाव्या पाकळीकडे डोळे फाडून बघत होते. पड गो बाय, पड एकदाची! उजवी सुटली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "पुन्हा लावा," मी ओरडले. गुरव म्हणाला, "एकाच गोष्टीला देवाला दोनदा विचारत नाहीत, ताई."

पण आमच्याकडे रीत अशी, की होकार मिळाला तरी पहिला घाव मानकऱ्याने घालायचा, झाडाची माफी मागून. मानकरी आमचं घर, म्हणजे दादाच. त्याने नारळ ठेवला, कुऱ्हाड उचलली आणि वर बघितलं. बघतच राहिला. मग कुऱ्हाड गपचूप शेजारच्या भावकीवाल्याच्या हातात दिली. त्याने पुढच्याच्या. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाला नेमकं तेव्हाच सुतक आठवलं! फिरत फिरत कुऱ्हाड पुन्हा नारळाशेजारी येऊन पडली. मला हसूही येत होतं आणि रडूही. वाचलं बाई झाड, म्हणत मी एसटीत बसले. घरी येऊन त्या रात्री गाढ झोपले.

आणि परवा हा फोन. दादाचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा.

"अगो, सुटलो बघ एकदाचा. झाड कापायला मशीनवाला ठरवलाय. सोमवारी येतोय. घाटावरचा माणूस, त्याला ना आपला देव ठाऊक, ना आपली रीत."

"आणि झरा, दादा?"

"तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नको गो," तो मायेने म्हणाला. "आपल्या कुणाचा हात लागायचा नाही."