निराधार बाईचा मुलगा

नोकरीत मी पुष्कळ माणसांना खोटं बोलताना पाहिलं. चोर, दारू गाळणारे, सावकार, कधी आमच्याच खात्यातले लोक. त्यातलं बहुतेक विसरलो. एका म्हातारीने माझ्या तोंडावर सांगितलेलं खोटं मात्र अजून जसंच्या तसं कानात आहे.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. अमळनेरपासून थोड्या अंतरावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. चैत्राचं ऊन तापलं होतं. सकाळची हजेरी आटोपून मी तपासाचे कागद चाळत होतो, तेवढ्यात एक शेतकरी वर्दी घेऊन आला. पडीक शेतातल्या विहिरीत माणूस तरंगतोय. शेताचा मालक धुळ्याला राहत असे आणि त्या विहिरीकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नसे. प्रेत टाकणाऱ्याला हे ठाऊक असणार, म्हणजे तो परगावचा नसणार, एवढं मी जागेवरच मनाशी नोंदवलं.

प्रेत बाहेर काढलं, पंचनामा केला. पंचविशीतला तरुण. चेहरा फुगला होता, तरी ओळखू येण्यासारखा होता. शर्टाच्या कॉलरला सुरतेच्या शिंप्याची पट्टी. शवविच्छेदनात डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं की डोक्याच्या मागे जड वस्तूचा घाव आहे आणि पाण्यात पडण्याआधीच जीव गेला आहे. अकस्मात मृत्यूची नोंद होती, ती खुनाच्या गुन्ह्यात बदलली. फोटो काढले, बिनतारी संदेश गेले, सुरतेला माणूस पाठवला. तिथे अर्धा खान्देश कापडाच्या मागावर काम करतो, कोण कोणाला ओळखणार? कोणीच वारस आला नाही. शेवटी बेवारस म्हणून प्रेत पुरलं आणि कपडे मुद्देमालाच्या खोलीत ठेवले.

खुनाच्या तपासात मेलेला माणूस कोण हेच कळत नसेल, तर तपास पांगळा होतो. वैर कोणाशी, येणं-जाणं कोणाकडे, काही विचारताच येत नाही. आमचे डीवायएसपी साहेब सरळ माणूस. ते म्हणाले, "महिनाभर बघा. नाही निघालं तर 'अ' समरी पाठवा." म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. असे कागद कपाटात गेले की पुन्हा बाहेर येत नाहीत.

पहिला धागा दिला तो तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराने. राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं, बोलणं मोजकं. आमचा हवालदार फोटो घेऊन दुकानादुकानांतून फिरत होता. शेठ दुसऱ्या दिवशी स्वतः ठाण्यात आले. म्हणाले, "हा पोरगा माझ्याकडून लुगडं घेऊन गेला. निळंच पाहिजे म्हणून चार गठ्ठे सोडायला लावले. माय एकटी राहते म्हणाला." आणि गावाचं नाव सांगितलं. विहिरीपासून ते गाव हाकेच्या अंतरावर होतं, आणि तिथल्या लोकांनी प्रेत ओळखत नाही असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी गावात गेलो. पोलीस पाटलाला विचारलं, एकटी राहणारी, सुरतेला मुलगा असलेली बाई कोण? तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "एकटी राहनारी एकच म्हतारी शे साहेब. पन तिले पोऱ्या नही." मी आणखी चार घरं विचारली. चारही घरांत तेच उत्तर, त्याच शब्दांत. गावात एका बैलाच्या रंगावरून वाद होतात. सगळं गाव एकाच शब्दात बोलायला लागलं की पोलिसाने समजावं, हे पढवलेलं आहे.

म्हातारी कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचून दमेकरी झालेली. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. मी पडवीत बसलो आणि फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ पाहिला. मग उलटा करून माझ्या हातात ठेवला.

"मना नही शे," ती म्हणाली. "माले पोऱ्याच नही."

मेलेल्या अनोळखी पोराचा फोटो दाखवला की कोणतीही बाई आधी हळहळते, कोणाचं लेकरू म्हणून विचारते. हिने काहीच विचारलं नाही. मी उठलो तेव्हा मात्र मागून आवाज आला.

"त्याले अग्नी दिधा का, भाऊ?"

मी म्हणालो, "नाही अक्का. बेवारस होता. पुरला."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मला त्याच क्षणी कळलं की आई हीच. पण कळणं वेगळं आणि पुरावा वेगळा. ती नाही म्हणत होती तोवर माझ्या हातात काही नव्हतं. त्या काळी ठाण्यात माणसं बोलती करायचे जे मार्ग होते ते मला माहीत होते. त्यातला एकही त्या बाईवर वापरायचा नव्हता, आणि वापरला असता तरी ती बोलली नसती.

ती नाही का म्हणते हे मला तहसील कचेरीत चहा पिता पिता कळलं. सरकारने निराधारांसाठी दरमहा अनुदान सुरू केलेलं होतं. रक्कम लहान, पण ज्याच्या घरात चूल पेटायची मारामार, त्याला ती फार मोठी. अट अशी की सांभाळणारा कर्ता मुलगा नसावा. त्या गावात बऱ्याच म्हाताऱ्यांना हे अनुदान मिळे आणि सगळ्यांचे अर्ज एकाच माणसाने आणून दिले होते. गावचा पुढारी, गाव त्याला 'नाना' म्हणे. कोणाचा मुलगा सुरतेला, कोणाचा नाशकाला, दोघीतिघींना खरोखरच कोणी नाही. नानाने सगळ्यांना मुलगा नसल्याचं प्रतिज्ञापत्र करायला लावलं होतं. एकीचं खोटं उघडं पडलं की सगळ्यांची भाकर बंद. म्हणून गाव एका शब्दात बोलत होतं.

म्हातारीपुढे हा पेच होता. मुलाला आपलं म्हणावं, तर पोटाला अन्न नाही, वर खोट्या शपथेबद्दल तुरुंगाची भीती. नाही म्हणावं, तर पोराचा खुनी मोकळा. एवढं समजूनही मी दोनदा तिच्याकडे गेलो आणि दोनदा हात हलवत परत आलो. समरीचा कागद टाइप होऊन टेबलावर आला.

तेवढ्यात अखाजी आली. अक्षय्य तृतीयेला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि पुरुष झाडाखाली पत्ते कुटतात. पोलिसांच्या नशिबी जुगाराचा बंदोबस्त. त्या दुपारी मी गावोगाव फिरत होतो. मला बघून डाव उधळत होते आणि मी पुढे गेलो की पुन्हा मांडले जात होते. फिरता फिरता त्या गावात आलो आणि पाणी मागायला म्हातारीच्या दारात उभा राहिलो.

मी स्वतः खान्देशी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात, वर छोटं भांडं आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. उन्हाळ्यात पितरं तहानेली राहू नयेत म्हणून. म्हातारीच्या पडवीत दोन घागरी होत्या. एक गेल्या वर्षाची, धुऊन पुसून घेतलेली. दुसरी कोरी करकरीत.

मी टोपी काढून खाली बसलो. विचारलं, "अक्का, एक मालकांची. दुसरी कोणाची?"

सासऱ्याची म्हणाली असती तरी मला उठून जावं लागलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग घागरीकडे पाहिलं.

"पित्तरं समोर बठेल शेतस, साहेब," ती म्हणाली. "आते खोटं कशी बोलू? हाई मना पोऱ्यानी शे." आणि घागरीवरचं भांडं नीट करत, "मी त्याले नही म्हनं. पन पानी कोन देई त्याले?"

मग ती रडली. ते रडणं ऐकवत नव्हतं. महिनाभर त्या बाईने शेजारणीसमोरसुद्धा डोळ्याला पदर लावला नव्हता.

हकीकत अशी निघाली. सुरतेला माग बंद पडला म्हणून मुलगा कायमचा घरी राहायला आला. येताना आईला लुगडं आणलं. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की नाना दर महिन्याला प्रत्येक म्हातारीच्या पैशातले निम्मे ठेवून घेतो. तो नानाला जाब विचारायला गेला. नाना हसून म्हणाला, "तू कोण रे? तुझ्या मायने सरकारला लिहून दिलंय की तिला मुलगाच नाही." पोराला हे माहीत नव्हतं. तो घरी येऊन आईला एवढंच म्हणाला, "माय, तू माले कागदवर मारी टाकं?" तो जेवला नाही. लुगड्याची पिशवीसुद्धा उघडली नाही, तशीच खांद्याला लावून संध्याकाळी निघाला. जळगावला जाऊन कलेक्टरसाहेबांना सगळं सांगतो म्हणाला. एसटीच्या फाट्याची वाट नानाच्या खळ्यावरून जात होती. सकाळी नाना स्वतः म्हातारीकडे आला आणि म्हणाला, "अक्का, तुला पोरगा नव्हताच. ध्यानात ठेव."

खून पचवायला त्या माणसाने तिचीच खोटी शपथ वापरली होती. इतका थंड डोक्याचा माणूस मी क्वचित पाहिला.

जबाब नोंदवून मी त्याच संध्याकाळी नानाला आणि त्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराला ठाण्यात आणलं. नाना पांढऱ्या कपड्यांत, घाम न फुटलेला. त्याला घाई नव्हती आणि मीही केली नाही. बोलता बोलता त्याला एवढंच सुचवलं की प्रेत बैलगाडीतून नेलं असावं आणि गाडी तुमची दिसते. तो लगेच म्हणाला, "गाडी सालदाराच्या ताब्यात असते. पोरगा तापट आहे. त्याने काय केलं ते मी काय सांगू?" तसं त्याने लिहून दिलं, सहीही केली. तो कागद मी शेजारच्या खोलीत नेऊन सालदाराला वाचून दाखवला. सालदार मालकासाठी मार खातो, उपाशी राहतो, पण मालकाने आपल्याला विकलं हे कळलं की तो थांबत नाही.

"पहार नानानी मारी," तो म्हणाला. "माले सांगं, गाडीवर टाक. मी टाकं."

मुलाची पिशवी जाळून टाक असं नानाने त्याला बजावलं होतं. पण आत कोरं लुगडं होतं. ते जाळायला त्याचा हात धजला नाही. पंचांसमक्ष त्याने कडब्याच्या गंजीतून ती पिशवी काढून दिली आणि दुकानदार शेठनी लुगडं ओळखलं. पहार खळ्यातच मिळाली. त्या दिवशी आमच्या माणसांनी पेढे वाटले. मी माझा पेढा टेबलावर तसाच ठेवला, कारण पुढचं मला दिसत होतं.

सत्र न्यायालयात म्हातारीने शपथेवर सांगितलं की मेलेला माझा मुलगा. नानाला जन्मठेप लागली, सालदाराला पुरावा नष्ट केल्याची शिक्षा झाली. आणि त्याच साक्षीवरून तहसीलने सगळ्या गावाचं अनुदान चौकशी होईपर्यंत थांबवलं. ज्यांना खरोखर कोणी नव्हतं त्यांचंही. म्हाताऱ्या तिच्या दारात येऊन बसल्या. एक म्हणाली, "तुना पोऱ्या तं गया. आमनी भाकर कसाले लई गई?" तिला गावात कोणी विस्तव देईनासं झालं.

गरिबाला मदत देणाऱ्या सरकारला मी नावं ठेवणार नाही. त्या पैशावर माणसं जगलेली मी पाहिली आहेत. पण भुकेल्या माणसाकडून आधी खोटं वदवून घ्यायचं आणि मग ते खोटं त्याच्या गळ्यातलं दावं करायचं, हा धंदा करणारे गावोगाव होते. मला या गुन्ह्याने एवढं शिकवलं की गरीब माणूस खोटं बोलला तर त्याच्यावर हात उगारण्यापूर्वी ते खोटं त्याला कोणी शिकवलं हे शोधावं. पुढच्या नोकरीत मी ते पाळायचा प्रयत्न केला.

धुळ्याला बदलीचा हुकूम आला, तेव्हा जाण्याआधी मी तिला जीपमधून तहसीलला नेलं. नवा अर्ज करायचा होता. आता ती नियमात बसत होती. कारकून भला होता. म्हणाला, "आजी, 'मुलगा नाही' एवढंच लिहितो आणि अंगठा घेतो. मयत-बियत लिहिलं की जुनं प्रकरण निघेल, अर्ज अडकेल."

"नही भाऊ," ती म्हणाली. "व्हता. त्याना नाव लिखा."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्या सांगतात तसं लिहा. अर्ज पुढे अडकला तो अडकलाच. मी धुळ्याहून दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. पण त्या दिवशी कारकुनाने लेखणी उचलून मुलाचं नाव विचारलं. तिने ते सांगितलं. मग त्याला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून तिने ते आणखी एकदा, मोठ्याने सांगितलं.