पिपेटच्या टोकाचा थेंब

बोदवडहून पॅसेंजरने जळगावच्या कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिलीच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका वर्षाची मुदत दिली होती. पास झाले तर पुढे शिकायचं, नाही तर घरी बसायचं. थिअरीची मला फारशी भीती नव्हती. भीती होती ती केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलची.

आम्ल पिपेटने मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकायचं आणि वरून ब्युरेट या रेघा आखलेल्या उभ्या नळीतली अल्कली थेंबाथेंबाने सोडायची. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. आम्लातले हायड्रोजन आयन आणि अल्कलीतले हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होतं, हे मला पाठ होतं. तरी माझं रीडिंग, म्हणजे लागलेल्या अल्कलीचं माप, सगळ्यांपेक्षा थोडं जास्तच यायचं. मुली म्हणायच्या, बोदवडवाल्यांचा हातच सढळ. मी हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घ्यायचे.

परीक्षा जवळ आली तेव्हा एकदा केमिस्ट्रीच्या मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी पिपेट रिकामी केली आणि टोकात अडकलेला थेंब नेहमीसारखा फुंकून फ्लास्कमध्ये पाडला.

"अगं, ही काय चूल आहे फुंकायला?"

सगळी लॅब हसली. थेंब वाया जात होता, असं मी कसंबसं सांगितलं. वाण्याच्या दुकानात तेलाचं माप बाटलीवर पुरतं निथळेपर्यंत माझी आई जागची हलत नसे. मागे काही सोडणं मला जमतच नव्हतं.

मॅडमचा आवाज खाली आला. "पिपेटवरची खूण तो थेंब वगळूनच केलेली असते. तू तो पाडलास, की त्यातले हायड्रोजन आयनही आत गेले. त्यांना पुरी पडायला अल्कली जास्त लागणारच ना?"

इतके दिवस ते आयन माझ्यासाठी फळ्यावरची अक्षरं होती. माझ्या एका फुंकरीने ते आत जात होते आणि ब्युरेटच्या रेघांवर दिसत होते, हे त्या दिवशी कळलं.

परीक्षेत मी पिपेटचं टोक फ्लास्कच्या काचेला नुसतं टेकवलं आणि थेंब तसाच राहू दिला. ओठ शिवशिवत होते. पहिलं रीडिंग आलं, दुसरंही तेच आलं.

निकालाच्या दिवशी आबा केळीच्या बागेतून उशिरा आले. मी पास झाल्याचं आईनेच त्यांना सांगितलं. ते जेवायला बसले. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मंग पुढचं कालेज कवा सुरू होते व?"

"सोमवारी," मी म्हटलं.