टोलाआधीचे बोट

टोल देण्याआधी मामा चौथीच्या खिडकीपाशी जायचे, एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "बाय, वाजीवतो हं." मगच हातोडा उचलायचे. कोल्हापुरातल्या आमच्या शाळेची मधली सुट्टी म्हणून रोज थोडी उशिरा व्हायची.

मामा म्हणजे आमचे शिपाई. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, शिवी दिल्याशिवाय ज्याला कुलूपसुद्धा उघडत नाही. त्यामुळे चौथीतली एक मुलगी भर वर्गात "मुडदा बशिवला तुझा!" असे ओरडू लागली, तेव्हा हेडमास्तरांना गुन्हेगार लगेच सापडला. "मामा, हे तुमचंच शिक्षण. शिव्या थांबल्या नाहीत तर दिवाळीनंतर पोरीचं नाव कमी करणार."

अशा मुलांना तेव्हा 'वांड' एवढेच नाव होते. मी तिचा वर्गशिक्षक. मलकापूरहून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर, बालमानसशास्त्रात चांगले गुण मिळवलेला. मी तिला 'गोड बोलावे' शंभर वेळा लिहायला लावले. तिने ते सुंदर अक्षरात लिहिले. शंभराव्या ओळीला घंटा झाली आणि तिने माझाही मुडदा बसवला.

मामांनी महिनाभर शिव्या सोडल्या. कुलपाला "अहो, उघडा की" म्हणताना मी त्यांना स्वतः ऐकले आहे. पोरीचे चालूच. शेवटी ते मला घेऊन हेडमास्तरांकडे गेले.

"सायेब, मी न्हवं. टोल पडला की पोर दचकतीया, कान झाकतीया, मग तोंड सुटतंय. आधी सांगून बघू की."

"म्हणजे घंटेसाठी तिची परवानगी घ्यायची?"

"परवानगी न्हवं. नुसती वर्दी द्यायची."

दुसऱ्या दिवसापासून टोलाआधी बोट वर होऊ लागले. पोरीच्या शिव्या अगदी थांबल्या नाहीत, पण पुटपुटण्यावर आल्या. नाव राहिले. मामांनीही महिन्याची कसर एका सकाळीत भरून काढली.

ती सातवीत असताना मामा निवृत्त झाले. शेवटचा टोल त्यांनी तिला द्यायला लावला. ती आधी ऑफिसच्या खिडकीपाशी गेली, बोट वर केले, परत आली आणि हातोडा घातला. आत हेडमास्तरांचा चहा कोटावर सांडला आणि तोंडातून एक अस्सल शिवी बाहेर पडली.

"सर, मी बोट केलं होतं की," ती शांतपणे म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. मामा तेवढे टोपीने डोळे पुसत होते.

आता मामा नाहीत आणि घंटा विजेची आहे. ती कुणाला काही न सांगता वाजते. मी, पदवीधर माणूस, रोज दचकतो. आणि तोंडात जे येते ते इथे लिहिता येणार नाही.