बसायला तयार नसलेला माणूस

माझ्या हृदयात भगंदर झालंय, ही बातमी वर्तकनगरच्या आमच्या घरात आईने फोडली. डॉक्टरांचा शब्द होता कोरोनरी फिस्टुला. पण फिस्टुला हा शब्द आईला भिंतींवरच्या जाहिरातींतून पाठ: मूळव्याध, फिशर, फिस्टुला, खात्रीशीर इलाज.

जिना चढताना मला धाप लागे, म्हणून माजिवड्याच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला होता. हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी भलत्याच ठिकाणी, थेट उजव्या कप्प्यात उघडते, असं त्यात दिसलं. ते तोंड बंद केलं नाही तर हृदय थकत जाणार. दोष जन्मजात.

जन्मजात म्हटल्यावर आईचा चेहराच बदलला. घरी येताच तिने निकाल दिला, “अरे, रिपोर्ट बदललाय. मी धडधाकट मूल जन्माला घातलेलं. स्कॅनच्या तिथे तो चौकड्याच्या शर्टातला माणूस आठवतो? एवढ्या खुर्च्या रिकाम्या, पण बसेल तर शपथ. फिस्टुला त्याचा.”

मी खो खो हसलो. मग मला तो माणूस आठवला. खरंच बसत नव्हता. दोन दिवस मी ऑपरेशनची तारीख घ्यायची टाळली.

“निघा आता मायलेक त्याला शोधायला,” बायको म्हणाली, आणि तिने आम्हा दोघांना पुन्हा डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

“छाती उघडायची गरज नाही,” डॉक्टर म्हणाले. “मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून ते तोंड बंद करू.”

आईने मला कोपराने ढोसलं. “मांडीतून. ऐकलंस? दुखणं तिकडचंच आहे.”

डॉक्टरांनी शांतपणे स्टेथोस्कोप तिच्या कानांत घातला आणि तबकडी माझ्या छातीवर टेकवली. “आजी, ठोक्यांच्या मधे काही ऐकू येतंय?”

आई बराच वेळ ऐकत राहिली. तिचा हात माझ्या खांद्यावर आला.

“घरघर,” ती म्हणाली. “तान्हा असताना हा माझ्या छातीवर झोपायचा, तेव्हा अशीच जाणवायची. सासूबाई म्हणायच्या, मूल नाही, मांजर झालंय तुला. मला वाटायचं, कफ असेल.” तिने स्टेथोस्कोप काढून परत दिला. “ह्याचाच आहे आवाज. करा बंद.”

तारीख ठरली. आम्ही उठलो. दारापर्यंत जाऊन आई वळली.

“पण डॉक्टर, मग तो बसत का नव्हता?”