गच्चीवरची गिटार

चंदीगडच्या मनीमाजऱ्यात गच्चीवर मी आईशी फोनवर बोलत होतो. मराठी ऐकून शेजारच्या गच्चीवरून हाक आली, "गाववाले, जरा धरायला या की!"

तो मोहालीत नोकरी करायचा आणि घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवत होता. पॉलिश झालेल्या लाकडात तारा टेकवायचा ब्रिज बसवायला दोन भोकं पाडायची होती. जागा जरा हलली, तर सूर जुळणार नव्हते. पहिलं पाडून त्याने फुंकर मारली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं.

"नको, बिघडेल."

"बेसूर वाजेल, यार. पण वाजेल पक्की."

आमच्या घरातून कॉलेजला आलेला मीच पहिला. काहीही करायचं तर मी आधी दुसऱ्याकडे बघतो. तेव्हाही बघितलं. एका हाताने गिटार दाबून धरून तो दातांनी तारांचं पाकीट फाडत होता. मी ड्रिल टेकवलं.