आळंदचे चाळीस पत्ते

नववी मी अर्ध्यातच सोडली, त्यामुळं टेबलखुर्चीचं काम आपल्या वाट्याला येईल असं कधी वाटलं नव्हतं. पुण्याजवळच्या ज्या कारखान्यात मी लागले, तिथं डाळ मिलला लागणाऱ्या चाळण्या बनतात. मी पॅकिंगला होते. एकदा आळंदहून, म्हणजे आमच्या कलबुर्गीकडच्या आळंदहून, एका मिलवाल्याचा फोन आला. तो निम्मं कन्नड आणि निम्मं दखनी उर्दू बोलायचा, ऑफिसात कुणाला उमगेना. मी हातातली सुतळी टाकून फोन घेतला. आमच्या गावात, सीमेवरच्या संतपूरला, आम्ही घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बांगडीवालीशी उर्दू बोलतच मोठे झालो. त्यात विशेष काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मालकीणबाईंना मात्र ते दिसलं. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"आळंद भागातल्या चाळीस डाळ मिलचे ईमेल शोधायचे आणि आपलं माहितीपत्र पाठवायचं. पंधरा दिवस देते. जमलं तर ही खुर्ची तुझी. नाही तर पॅकिंग आहेच."

आईला फोन करून कधी एकदा सांगते असं झालं.

फोनच्या नकाशात डाळ मिल शोधली की आळंदवर लाल टिकल्या उठायच्या. टिकलीला बोट लावलं की गेटचा फोटो, फोन नंबर. ईमेल कुठंच नाही. मग सरळ फोन लावायला लागले.

"अण्णा, तुमचा ईमेल सांगता का?"

"मेल कशाला अक्का? फोनवर बोलायलीस की. बोल."

दुसऱ्यानं सांगितलं, "कंप्यूटर लेकाचा हाय, आन् लेक बेंगळूरला हाय." तिसऱ्यानं तर मला पुरतं बोलूच दिलं नाही. "ओटीपी न्हाई सांगणार बाई," म्हणाला आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. पॅकिंगला असताना मी बिलं बघितली होती. बिलाच्या माथ्यावर 'शुभ लाभ', खाली मिलचं नाव आणि अगदी बारीक अक्षरात ईमेल छापलेला असतो. मालकाला पाठ नसेना का, बिलावर तो असतोच. मग मी विचारायची पद्धतच बदलली. "अण्णा, सांगू नका काही. कोऱ्या बिलाचा फोटो तेवढा टाका." आणि फोटो यायला लागले. कुणाचा अंगठा आलेला, कुणाच्या बिलावर चहाचा गोल डाग. एकेक पत्ता मी यादीत चढवत गेले. जेवणाची सुट्टी झालेली कळायची नाही. बाराव्या दिवशी चाळीस भरले. तेराव्या दिवशी सकाळी सगळ्यांना पत्र गेलं आणि पत्ता चुकीचा म्हणून एकही परत आलं नाही. मी उठून पाणी प्यायले, परत येऊन यादी बघितली, परत पाणी प्यायले.

दुपारी फोन वाजला. आळंदचा नंबर. म्हातारा, शांत आवाज.

"चाळणीचं पत्र तूच पाठवलीस का?"

पहिलं गिऱ्हाईक. मी खुर्चीत ताठ झाले. "व्हय अप्पा. कुठल्या मिलमधून बोलायलाव?"

"सगळ्याच."

मी यादी पुढं ओढली.

"मी इथं जीएसटीचं काम करतो. नोंदणीला ईमेल लागतोय म्हणून ह्या सगळ्यांचे मेल मीच काढून दिलोय. सगळे माझ्याच मोबाईलात हायत. मालकांना पासवर्ड सुदीक ठावं न्हाई. सकाळपासनं टिंग टिंग चालू हाय. चाळीस बार वाचून आता मलाच चाळणी घ्यावी वाटायलंय."

मी हसले का रडले, आठवत नाही. माफी मागितली एवढं नक्की. फोन ठेवला आणि यादीकडं बघत बसले. यादी पुरी होती. मॅडम आकडा बघणार आणि खुर्ची देणार. पण पत्र पोचलं होतं एकाच माणसाकडं, ज्याला चाळणीचा काडीचा उपयोग नव्हता. मग वाटलं, ज्या बाईनं सुतळीवरून उचलून इथं बसवलं, तिला खोटी यादी कशी द्यायची? आणि त्याच झटक्यात दुसरंही सुचलं. मी जवळजवळ पळतच मॅडमकडं गेले.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे चाळीस नाहीत. एक."

"व्हय मॅडम, एकच. पण त्या एकाकडं ते चाळीस जण दर महिन्याला बिलं घेऊन येतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "लाव फोन. माझ्यासमोर."

बिलं घेऊन येणाऱ्यांना आमच्या चाळण्यांचं सांगाल का, असं मी विचारलं ते अप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाची माहिती मी देत न्हाई. पण बिलं घेऊन आला की एकेकाला विचारतो. जो व्हय म्हणील तोच तुला कळवील. न्हाई म्हणला त्याला परत त्रास द्यायचा न्हाई. कबूल?"

"कबूल अप्पा. पण माझ्यासाठी कामून करायलाव एवढं?"

"बोलण्यावरनं वळखलो. औराद भागातली न्हवं तू?"

"संतपूरची."

"आमची थोरली तिकडंच दिली हाय. लेकीच्या गावची पोरगी हायस, त्यात काय."

मॅडमनी मुदत महिन्यानं वाढवली. त्या महिन्यात अकरा जणांनी स्वतःहून कळवलं. त्यातल्या एका मिलवाल्यानं अप्पांकडून पासवर्ड घेऊन चक्क ईमेल लिहिला, बहुतेक आयुष्यातला पहिलाच. वर नाव नाही, खाली सही नाही. मधोमध चाळणीच्या फाटलेल्या जाळीचा फोटो आणि एक ओळ, 'ही भेटती का'. मी तो पानभर मोठ्या अक्षरांत छापून मॅडमच्या टेबलावर नेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कोहिनूर गावापासून बसवकल्याणपर्यंतच्या मिलची नवी यादी माझ्यापुढं सरकवली. यादीत ईमेलच्या शेजारी त्यांनी हातानं एक जादा रकाना आखला होता. खुर्चीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पहिला नंबर लावला.

"नमस्कार अण्णा. तुमचा मेल कोण बघतंय?"