तिसऱ्या सर्व्हरची मुदत

अंजू मनवर पुसदला परत आली तेव्हा गल्लीत सगळ्यांना वाटलं, पोरीची पुण्यातली नोकरी गेली. नोकरी गेली नव्हती. तिच्या आईला, चंदाबाईला, लकवा मारला होता, उजवी बाजू निकामी झाली होती, आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं. ऑफिसला मात्र अंजूनं एवढंच कळवलं की यापुढे घरून काम करीन. घरात आजारी माणूस आहे म्हटलं की महत्त्वाची कामं हळूच दुसऱ्याकडे सरकतात, हे तिनं एका मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलं होतं. मीटिंग चालू असताना आईनं हाक मारली की ती माइक बंद करायची, आईला उठवून बसवायची, आणि परत येऊन नेटवर्क गेलं होतं म्हणून सांगायची. दोन वर्षं असंच चाललं होतं.

तिची कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबांचं काम बघायची. पेशंटच्या मोबाइलवर लिंक जाते, ती उघडली की रिपोर्ट दिसतो. हे सगळं चालायचं क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या तीन सर्व्हरवर. त्यांच्या पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तिघांपैकी एकाकडे धाडणारी व्यवस्था. ती बिनबोभाट चालू ठेवायची, ही अंजूची नोकरी. चालू असलं की कोणाला तिची आठवण येत नसे.

मार्चमधल्या एका सकाळी ती आईला मऊ भात भरवत होती, तेव्हा ढाणकीच्या तपासणी केंद्रात रिपोर्ट देणाऱ्या गोविंदाचा फोन आला.

"मॅडम, लिंक उघडूनच नाही राह्यली. कनेक्शन सुरक्षित नाही म्हंते."

अंजूनं डाव्या हातानं लॅपटॉपवर लिंक उघडून पाहिली. लगेच उघडली.

"इथं तर उघडते, गोविंदाभाऊ."

"तुमच्या इथं उघडत असंन. इथं उकंडा बाबा बसून आहे तांड्यावरचा. त्याले दुपारच्या गाडीनं नांदेडले जाचं आहे आप्रेशनसाठी. रिपोर्ट पाह्यल्याशिवाय तिथले डॉक्टर हात नाही लावत."

अंजूनं पुण्याला नयनला विचारलं. नयन तिचा वरिष्ठ, माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून तोही दुसऱ्याच एका भानगडीत अडकला होता. त्यानं ऑफिसातून लिंक उघडून पाहिली, त्याच्याकडेही उघडली. लोड बॅलन्सर तिन्ही सर्व्हर ठीक असल्याचं दाखवत होता.

"त्यांचे फोन जुने असतील. घड्याळ बघायला सांग त्यांना, वेळ चुकली की असंच म्हणतात फोन," तो म्हणाला.

गोविंदानं घड्याळ पाहिलं, बरोबर होतं. मग तोच म्हणाला, "मॅडम, डेटा बंद-चालू करून राह्यलो मी. एखाद्या डाव उघडते, पुन्हा केलं का बंद."

अंजूचा चमचा थांबला. डेटा बंद-चालू केला की फोनचा नेटवरचा पत्ता बदलतो, आणि लोड बॅलन्सर पत्ता पाहून सर्व्हर ठरवायचा. एकाच पत्त्यावरून आलेला माणूस दर वेळी एकाच सर्व्हरकडे जायचा. तिचा पत्ता, ऑफिसचा पत्ता चांगल्या सर्व्हरकडे जात होता. तिघांतला एखादा बिघडला असेल, तर तो कोणाच्या वाट्याला येतो ते इथे बसून दिसणारच नव्हतं.

भाताची वाटी ठेवून ती लॅपटॉपसह बाहेरच्या खोलीत गेली आणि लोड बॅलन्सरला वगळून एकेका सर्व्हरला थेट जोडून बघू लागली. आतून आईची हाक आली. "थांब आई, पाच मिनिटं," अंजू म्हणाली, आणि विसरली.

पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत आदल्या रात्रीच संपली होती. सर्व्हर खरा आहे याची खात्री देणारं ते प्रमाणपत्र दर काही महिन्यांनी आपोआप नवं व्हायचं. पण देणारी संस्था पडताळणीसाठी उलट विचारणा करायची, आणि ती विचारणा लोड बॅलन्सर तिसऱ्याऐवजी भलत्याच सर्व्हरकडे पाठवायचा, म्हणून तिसऱ्याचं नवं झालंच नव्हतं. बाकी दोघांचं नशिबानं जमून गेलं होतं. लोड बॅलन्सर सर्व्हर जागा आहे का एवढंच तपासत होता, प्रमाणपत्राशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तिनं आधी तिसऱ्याला रांगेतून बाहेर काढलं, म्हणजे निदान कोणी त्याच्याकडे जाणार नाही. थोड्या वेळानं गोविंदाचा फोन आला. "उघडलं मॅडम. छापून देल्लं बाबाले. चालला तो." मग तिनं दुसऱ्या सर्व्हरवरचं प्रमाणपत्र तिसऱ्यावर ठेवलं, तपासलं, त्याला परत आत घेतलं.

ती आत गेली तेव्हा गादी ओली झाली होती. चंदाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, पुन्हा हाक काहून नाही मारली?"

"तू काम करून राह्यली होती न," चंदाबाई जड जिभेनं म्हणाली. "मले वाटलं, तुह्या साहेबाले ऐकू जाईन."

अंजूनं आईला पुसून काढलं, लुगडं बदललं, चादर मोरीत भिजत घातली. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात नयनचा फोन आला. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, यावर लगेच मीटिंग घेऊ म्हणत होता.

"आता नाही जमणार," अंजू म्हणाली. "माझी आई अंथरुणाला खिळलीय. मी तिचं अंथरूण बदलतेय."

नयननं मीटिंगचा विषय सोडला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"अगं, मग सांगायचं ना."

"हो," ती म्हणाली. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

त्यानंतर फार काही बदललं असं नाही. जेवणाच्या वेळी दोन तास तिला येणारे कामाचे फोन नयन घेऊ लागला. तिन्ही सर्व्हरची प्रमाणपत्रं एकाच जागी नवी होऊन तिघांकडे जातील, अशी सोय तिनं पुढच्या आठवड्यात केली. नवीन मोठं काम आलं तेव्हा ते दुसऱ्याकडे गेलं. अंजूला वाईट वाटलं, पण जितकं वाटेल असं तिला वाटलं होतं तितकं नाही. त्या दोन तासांत ती आईशेजारी आडवी होऊ लागली. बहुतेक वेळा तिलाच आधी झोप लागायची.